सावली कोणाच्या वाट्याला?



निसर्गसान्निध्याचा विषय निघाला की ती पोट भरल्यानंतरची चैन आहे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. कामगार चळवळही या समजातून सुटलेली नाही. महागाई भत्ता आणि बोनस यांच्या मागणीपत्रकात झाडाला जागा मिळाली ती क्वचितच.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकेही पहिल्या गटाला कमी लागली. हा निबंध १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नमुना लहान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाऊण दिवसाने काय होते, असे ज्याला वाटत असेल त्याने ते रोजंदारीवरच्या माणसाला विचारावे.

झाडाचा हा लाभ कोणाच्याही खातेवहीत जमा होत नाही; म्हणूनच बाजार तो सर्वांना पुरवीत नाही. धनिक मनुष्य सावली विकत घेतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगाराला ती मिळायची तर सार्वजनिक जागेतच.

मुंबईत तशी संधी एकदा चालून आली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्याखालची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची वाटणी ठरविली: एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उर्वरित मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वगळली गेली. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती कितीशी असणार! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दुरुस्तीचा हा अर्थ नाकारला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला.

लोअर परळला त्या जमिनींवर आज मॉल आणि निवासी मनोरे उभे आहेत. मनोऱ्यांच्या आवारात हिरवळ आहे, झाडेही आहेत. आणि फाटकावर रखवालदार आहे.