फळमाशीच्या अंड्यावर पाळत



वरून निर्दोष दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, हा अनुभव बागाइतदारांना नवा नाही. मादी फळमाशी सालीखाली अंडी घालते, अळ्या गरावर पोसतात आणि पूर्ण वाढल्यावर फळाबाहेर पडून मातीत कोषात जातात. अंडी व अळ्या गराआड दडलेल्या असल्याने वरून मारलेले औषध त्यांच्यापर्यंत सहसा पोचत नाही. तेथे पोचते ती काही मिलिमीटर लांबीची एक परोपजीवी गांधीलमाशी. नाव गांधीलमाशी असले, तरी ती माणसाला डसत नाही.

शास्त्रज्ञ तिला 'फोपियस अरिसॅनस' म्हणतात. ती फळमाशीचे अंडे हुडकून त्यात आपले अंडे घालते. फळमाशीची अळी जन्मते, वाढते, कोषातही जाते; परंतु त्या कोषातून अखेर बाहेर पडते ती गांधीलमाशी!

कोकणातील आंब्यावर पडणारी हीच फळमाशी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हवाई बेटांत पोचली व तेथील फळांवर मोठे संकट कोसळले. तिचे नैसर्गिक शत्रू आशियातून आणून तेथे सोडण्यात आले. १९४८ मध्ये त्यांत अळीवर हल्ला करणारी एक जात आघाडीवर होती. १९५० पर्यंत मात्र फोपियसने तिला मागे टाकले. कारण साधे होते : इतर जाती अळीची वाट पाहत, फोपियस अंड्यावरच पाळत ठेवी. पुढे ताहितीत १९९६ मध्ये ही फळमाशी आढळली, तेव्हा २००२ पासून हवाईहून फोपियस नेऊन सोडण्यात आली आणि पेरूसारख्या फळांतून निघणाऱ्या माश्यांची संख्या पुष्कळच घटली.

तथापि एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या फळात अंडी पडली, ते फळ ही गांधीलमाशी वाचवू शकत नाही. ती पुढच्या पिढीच्या माश्या कमी करते. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा, ज्यात नर माश्या अडकतात, किंवा बागेतील स्वच्छता यांची गरज संपत नाही. सरसकट कीटकनाशक फवारण्याने मात्र शत्रूबरोबर हा मित्रही मरतो.

गळालेल्या फळांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ती झाडाखाली पडू दिली तर माश्या वाढतात. खोल पुरली तर माश्यांबरोबर गांधीलमाश्याही गाडल्या जातात. हवाईमध्ये यावर तंबूचा उपाय निघाला. किडकी फळे बारीक जाळीच्या तंबूत टाकतात. जाळीची छिद्रे अशी निवडलेली असतात, की सडपातळ गांधीलमाशी त्यातून निसटून बागेत परतते आणि जाड अंगाची फळमाशी आतच अडकून मरते. सारी मेख त्या छिद्रात आहे. शिवाय तंबूची कड मातीत नीट दाबलेली हवी आणि जाळी कोठे फाटलेली नाही ना, हे वरचेवर पाहावे लागते; नाहीतर बंदोबस्तासाठी जमा केलेल्या माश्या तेथूनच पुन्हा बागेत जातात.