रांगेचे गणित



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर किंवा वेदान्तावर बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र आज सुपरमार्केटातील रांगेवर बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण ज्या गोष्टीत आयुष्याचे तास खर्ची पडतात, ती क्षुल्लक कशी म्हणावी?

ही रांग आली कोठून, ते आधी पाहू. आपला जुना वाणी यादी हातात घेई, त्याचा माणूस सामान तोलून पुड्या बांधी. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या दुकानदाराने हे काम गिऱ्हाइकाकडेच सोपवले. टोपली घ्या, फळीवरचा माल आपणच उचला आणि जाताना पैसे द्या. सुपरमार्केटचे बीज हेच. माल उचलायला पन्नास माणसे एकाच वेळी मोकळी झाली. पैसे घेणारे मात्र दोघे-तिघेच राहिले. ओढा रुंद आणि मोरी अरुंद, अशी गत झाली. १९७४ साली मालावरच्या काळ्या रेघा यंत्राने वाचण्याची सोय अमेरिकेतल्या दुकानात सुरू झाली आणि पुढे आपल्याकडेही आली. काम भराभर होऊ लागले, पण रांग गेली नाही. का बरे?

याचे उत्तर देणारे शास्त्र दुकानात जन्मले नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते. लोक केव्हा फोन करतील याचा नेम नसताना कोणाला किती खोळंबावे लागेल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९०९ साली त्यांनी या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध केला. तेच गणित किराण्याला लावून पाहू.

समजा, एका काउंटरवर तासाला सरासरी २० गिऱ्हाइकांचे बिल होऊ शकते. माणसे नेम न धरता येतात. कोणाची टोपली हलकी, कोणाची जड. तासाला १० माणसे आली, तर दर माणशी सरासरी ३ मिनिटे रांगेत जातात. १६ आली, तर १२ मिनिटे. १८ आली, तर २७ मिनिटे. आणि १९ आली, तर तब्बल ५७ मिनिटे! ध्यानात घ्या, २० जणांची सोय असूनही ही दशा आहे. कारण दुपारी रिकाम्या बसलेल्या कॅशियरला आपला वेळ डब्यात भरून संध्याकाळसाठी ठेवता येत नाही. बडनेरेकरांना हे वेगळे सांगायला नको. फलाट मोकळा नसला, की गाडी सिग्नलापाशी ताटकळते. मग तोच फलाट दुपारी तासभर ओस पडलेला का असेना!

पण याच गणितात दिलासाही आहे. अठरांतील दोघांनी वेळ बदलली, तर उरलेल्या सोळांचे थांबणे निम्म्याहून कमी होते. दोन माणसांचा शहाणपणा सोळांच्या पदरी पडतो.

दुसरा उपाय दुकानदाराच्या हातचा आहे. तीन काउंटर, तीन वेगळ्या रांगा, प्रत्येक रांगेत तासाला १८ माणसे आणि ज्याने जी रांग धरली ती सोडली नाही, तर सरासरी थांबणे तेच, २७ मिनिटे. तीच माणसे एका रांगेत उभी केली आणि जो काउंटर मोकळा होईल तिकडे पुढचा माणूस पाठवला, तर ते सुमारे ८ मिनिटांवर येते. ना जास्तीचा नोकर, ना जास्तीचा पैसा. शिवाय पुढल्या बाईने पिशवीतले सुटे पैसे मोजायला वेळ लावला, तर तिच्यावर कोणी डोळे वटारत नाही.

आता मुख्य मुद्दा. गर्दी केव्हा होते? पगाराच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी. त्या रांगेत पेन्शनर असतो, नोकरदार असतो आणि जुन्या वस्तीतली रोजमजुरी करणारी बाईही असते. पेन्शनरला मंगळवारी सकाळी येता येते. त्या बाईला येता येत नाही. मंगळवारी आली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. वेळ निवडण्याची मुभा ही एक प्रकारची श्रीमंतीच आहे. ज्याच्यापाशी ती आहे, त्याने ती वापरावी, एवढेच माझे मागणे आहे. त्यात त्याचे काही जात नाही. उलट अर्धा तास वाचतो.

याहून पुढची पायरीही आपल्याच महाराष्ट्रात लोकांनी चढून दाखवली आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट केले. महिन्याची यादी आधी द्यायची, माल एकत्र मागवायचा आणि ठरल्या दिवशी सभासदांनी आपसांत वाटून घ्यायचा. दहा घरे एकत्र आली, की दहा माणसांना रांग धरण्याचे कारणच उरत नाही. आपल्या एखाद्या आळीला हे जमणार नाही, असे मला वाटत नाही.

रांगेला शिस्त लागते, हे आपण शाळेत शिकलो. रांग लांबू न देणे, हीदेखील शिस्तच आहे. पहिली शिस्त पुढच्या माणसासाठी पाळायची, दुसरी मागच्या माणसासाठी. येत्या महिन्याची यादी करताना वाणसामानाबरोबर वारही लिहा, आणि तो रविवार नसू द्या.