पाडव्याची बोली आणि गोठ्यातली मजुरी



नाशिक जिल्ह्यात सालगड्याचं साल ठरतं ते बहुधा गुढीपाडव्याला. मालक एक आकडा बोलतो, गडी दुसरा बोलतो, आणि मध्ये बसलेला एखादा जाणता माणूस दोघांना तिसऱ्या आकड्यावर आणतो. वर्षाची रक्कम, वर थोडं धान्य, कपड्यांचा जोड, राहायला खोली, चहापुरतं दूध. त्यातली काही रक्कम उचल म्हणून लगेच हातात पडते. कागद होत नाही. शेतातली ही रीत आता गोठ्यातही आली आहे. सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी या पट्ट्यात कांद्याच्या, द्राक्षाच्या जोडीला दहा-वीस संकरित गाई बाळगणारे गोठे दिसतात. तिथली कामं घरच्या माणसांच्या हातून उरकत नाहीत. मग हंगामी कामासाठी सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूंनी खाली उतरणाऱ्या मजुरांतली एखादी जोडी वर्षभर गोठ्यावरच राहते.

प्रश्न एवढाच, की अशी बोली किती खाली जाऊ शकते? दोघंही राजी असले, तर कितीही? नाही. मजुराने स्वतः मान डोलावली असली, अंगठा दिला असला, तरी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीचा करार कायद्याच्या लेखी रद्दच असतो. ‘ठरलं होतं ना?’ हा मालकाचा जबाब कामगार कार्यालयात टिकत नाही. गोठ्यावरच्या माणसाने सगळ्यात आधी लक्षात ठेवावी ती ही गोष्ट.

आता कोणी म्हणेल, हे कायदे कारखान्यांचे, गोठ्याला कुठले? या समजुतीला पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच उत्तर मिळालेलं आहे. किमान वेतनाचं विधेयक 1946 साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं तेव्हा त्यांच्याकडे होतं. 1948 मध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात शेतीकाम येत होतं, आणि शेतीकामात काय काय धरायचं हे सांगताना नांगरणी-पेरणीच्या बरोबरीने दुग्धव्यवसाय, जनावरं पाळणं, मधमाश्या आणि कोंबड्या पाळणं यांची नावं घेतलेली होती. अमेरिकेत 1938 चा किमान मजुरीचा कायदा शेतमजुरांना बाहेर ठेवून झाला. त्यांच्यातल्या काहींना तरी आत घ्यायला 1966 साल उजाडलं. आपल्याकडे धारा काढणारा पहिल्या दिवसापासून कागदावर आहे. कागदावरून तो खाली उतरला नाही, हे दुखणं निराळं.

महाराष्ट्रात शेतमजुरीचे दर नीट अभ्यासून ठरवावेत यासाठी एक समिती नेमली गेली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे तिचे अध्यक्ष होते. रोजगार हमी योजनेशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं तेच हे पागे. 1973 साली समितीचा अहवाल आला. शेतीसाठी राज्याची परिमंडळं पाडून दर ठरवण्याची पद्धत आहे; म्हणून एका तालुक्याचा आकडा दुसऱ्या तालुक्याला जसाच्या तसा लावू नये. शिवाय गोठा शेतीत मोडतो. दूध थंड करून पिशव्या भरणारा प्रकल्प शेतीत मोडत नाही, तिथले दर आणि नियम वेगळे. आपल्या परिमंडळात आज काय दर चालू आहे हे नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात विचारावं. तो आकडा सांगणं त्या कार्यालयाचं कामच आहे.

दर कळला तरी काम संपत नाही, कारण खरी मेख हिशेबात असते. एक उदाहरण घेऊ. समजा, एका जोडीचं साल एक लाख वीस हजारांना ठरलं. ऐकायला रक्कम मोठी वाटते. गाय रविवारी दूध द्यायची थांबत नाही, म्हणून 365 दिवसांनी भागू. दिवसाला साधारण 329 रुपये. पण काम करणारी माणसं दोन. तो धारा काढतो, वैरण टाकतो, कुट्टी करतो. ती शेण काढते, गोठा धुते, वासरं पाजते, आणि तो आजारी पडला की धाराही काढते. तेव्हा 329 चे दोन वाटे करावे लागतात. माणशी 164 रुपये.

हा आकडा कशाशेजारी ठेवायचा? केंद्र सरकारने जून 2017 मध्ये देशभरासाठी सुचवलेली तळाची मजुरी दिवसाला 176 रुपये होती. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 312 रुपये जाहीर झाला होता. हे दोन्ही आकडे म्हणजे गोठ्याचं किमान वेतन नव्हे, पण पाडव्याला भरघोस वाटलेली बोली कुठे उभी आहे ते यावरून दिसतं. जोडीतली बाई हिशेबातून गळली म्हणूनच ती भरघोस वाटली होती. समान कामाला समान मजुरी, हा नियम 1976 पासून कायद्यात आहे; ‘बायको काय, सोबतच असते’ अशी सवलत त्यात कुठे नाही.

मग मालक म्हणतो, खोली दिली, वीज दिली, धान्य दिलं, ते धरा की. धरू. पण कायदा सांगतो तेवढंच. 2019 च्या वेतन संहितेत वेतनाची जी व्याख्या आहे तीत राहण्याची जागा, दिवाबत्ती आणि पाणी यांची किंमत वेतनात धरलेली नाही. धान्य किंवा इतर वस्तूंच्या रूपात जे दिलं जातं, ते एकूण देय वेतनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंतच वेतनात मोजता येतं. रोज 300 रुपये देणं असेल, तर दूध-धान्याच्या नावावर 45 रुपयांहून जास्त वळते करता येणार नाहीत. गोठ्याला लागून असलेली पत्र्याची खोली ही तर खरं म्हणजे मालकाचीच सोय असते. रात्री गाय व्यायला लागली की हाक मारायला माणूस जवळ हवा.

तासांचंही असंच. पहाटे चार ते आठ, दुपारी दोन तास कुट्टी, संध्याकाळी चार ते आठ. काम दहा तासांचं, पण माणूस सोळा तास बांधलेला. मधल्या वेळात तो ‘रिकामा’ असतो असं म्हणायची पद्धत आहे. शेतीतल्या कामाच्या तासांबाबत सरकार वेगळे नियम करू शकतं, हे खरं. पण ठरलेल्या तासांच्या वर काम झालं तर त्याची मजुरी दुपटीने, हे तत्त्व संहितेत आहे, आणि सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस ठरवून देण्याचा अधिकारही सरकारला आहे. जादा तासांचा हा वाद जगभर आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुमारे तीन हजार गाईंच्या एका डेअरीवरच्या धारा काढणाऱ्यांनी तो न्यायालयात नेला. शेतमजूर म्हणून त्यांना जादा कामाचा भत्ता नाकारला जात होता. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की धोक्याच्या कामातल्या माणसाला असं वगळणं राज्यघटनेत बसत नाही.

खाडा हा आणखी एक जुना विषय. मजूर एक दिवस आला नाही तर एका दिवसाची मजुरी कापणं ठीक; दंड म्हणून दोन दिवसांची कापणं ठीक नाही. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात. उचलीचे पैसेही वळते करता येतात, पण सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीच्या वेतनाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत.

आणि ‘उचल फिटेपर्यंत गोठा सोडायचा नाही’ असं कोणी म्हटलं, की मामला मजुरीचा राहत नाही. तो वेठबिगारीचा होतो. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली आणि तिच्यापायी चढलेलं कर्जही संपलं. 1982 मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हीच राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाखालची सक्तीची मजुरी, असा तो निकाल आहे. हे सगळं दूरचं वाटू नये. सप्टेंबर 2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली साधारण दहा वर्षांची एक मुलगी दगावली, आणि त्यानंतर तिथली लेकरं काही हजार रुपये नि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या वळायला अहमदनगर जिल्ह्यात दिली जात होती, हे उघड झालं. श्रमजीवी संघटनेने ते प्रकरण लावून धरलं, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. नाशिक शहरापासून इगतपुरी काही फार लांब नाही.

गोठेवाल्याची बाजूही ऐकायला हवी. पेंडीचे भाव चढे आणि दुधाचा दर कधी घसरेल याचा नेम नाही. 2024 मध्ये राज्य सरकारला गाईच्या दुधासाठी लिटरमागे आधी पाच, पुढे सात रुपये अनुदान द्यावं लागलं, यावरून त्याची ओढाताण कळते. मात्र परवडत नाही म्हणून किमान वेतन देत नाही, हे कारण सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच केरळच्या कौल कारखान्यांच्या खटल्यात नाकारलं आहे. धंद्याची ऐपत हा किमान वेतनाचा निकष नाही. दुधाच्या दरासाठी सरकारशी भांडावं, जरूर भांडावं. पण तो तोटा धारा काढणाऱ्याच्या मजुरीतून भरून काढणं कायद्याला मंजूर नाही. त्याच अनुदानासाठी गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला असणं बंधनकारक होतं. गाय नोंदलेली, तिचं दूध फॅटसह नोंदलेलं, आणि ते काढणारा माणूस मात्र कुठल्याच वहीत नाही, असे गोठे आजही आहेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1948 चा कायदा तिच्यात विलीन झाला. राज्याचे नवे दर येईपर्यंत जुन्या अधिसूचनांचे दर चालू राहतात. संहितेत एक वाट मात्र अरुंद झाली आहे: शेतीकामासाठी पाचपर्यंतच माणसं ठेवणाऱ्या मालकाला हजेरी वही आणि वेतन चिठ्ठी यांतून सूट आहे, आणि नाशिकमधले बरेचसे गोठे याच मापात बसतील. तरीही निरीक्षकाने मागितला तर मजुरी दिल्याचा पुरावा त्याला दाखवावाच लागतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकाचीच, मजुराची नाही. महिन्याच्या बोलीवर काम असेल तर पैसे पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण, असा नियम आहे. दावा करायला पूर्वी सहा महिनेच मिळत. आता तीन वर्षं मिळतात. बाकी रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे.

म्हणून गोठ्यावरच्या प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, कोणी किती वेळ काम केलं, किती पैसे मिळाले, उचल किती घेतली नि किती फिटली, एवढंच लिहावं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावं. शक्य तिथे पैसे बँक खात्यावर मागावेत, नवरा-बायकोचे वेगवेगळ्या खात्यांवर. तक्रार असेल तर कामगार कार्यालयात जावं. वेठबिगारीचा संशय असेल तर तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे जावं. महिला, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि वेठीला धरलेले मजूर यांना वकील फुकट मिळतो. त्यासाठी नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, नाहीतर 15100 या क्रमांकावर फोन लावावा.