पेटी घेताना आधी आपला सूर बघा



महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत बायकांची भजनी मंडळं आहेत. टाळ आहेत, गळे आहेत. पण पेटी बहुधा पुरुष मंडळाची आणि वाजवणारा मुंबईला. तो येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. एरवी आपलं भजन पेटीविना. म्हणून आमच्या गटाने स्वतःची पेटी घ्यायचं ठरवलं. २० जणींनी महिन्याला ५० रुपये टाकले की वर्षाला १२ हजार जमतात. मजुरीतून काढलेला पैसा आहे, तो चकाकी बघून घालवायचा नाही.

पेटी मूळची विलायती, पायाने भाता मारायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी सुमारे १८७५ साली हाताने भाता मारायची पेटी केली. म्हणून आज आपण मांडी घालून वाजवतो आणि या घरातून त्या घरात नेतो.

आता निवड. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातात. त्या पट्टीत आपला आवाज एक तर खाली घुसमटतो, नाहीतर वर चिरकतो. आपल्यातल्या बऱ्याच जणींना पांढरी पाच किंवा काळी चार सोयीची पडते. दुकानदार म्हणेल, पट्टी बदलणारी, स्केल चेंजरची पेटी घ्या. ती महाग, जड आणि दुरुस्तीला किचकट. त्यापेक्षा साधी पेटी घेऊन आपल्याच एका सुनेला किंवा लेकीला काळी चारमधून वाजवायला शिकवलं, तर पैसे वाचतात आणि वाजवणारी गावातच राहते.

समाजमंदिर लहान, वर पत्रे, आवाज घुमतो. तिथे सुरांचे दोन संच, म्हणजे खर्ज आणि नर, पुरेसे होतात. तिसऱ्या संचाने किंमत वाढते आणि म्हाताऱ्या बायांचा आवाज बुडतो.

पेटी न ऐकता मागवू नका. जुनी असो वा नवी, तीन गोष्टी करून बघा. पुढच्या खुंट्या बंद करून भाता भरा. तो लगेच बसला तर हवा गळते. मग हवेच्या खुंट्या उघडा, सतत सूर देणाऱ्या खुंट्या मात्र बंदच ठेवा, आणि एकाही पट्टीला हात न लावता भाता मारा. आपोआप सूर वाजला तर दोष आहे. शेवटी एकेक पट्टी हळू हवेवर वाजवा. प्रत्येक सूर अडखळल्याशिवाय बोलला पाहिजे. दुरुस्तीला कारागीर कुठे मिळेल, तेही तिथेच विचारून घ्या.

आपला पाऊस विसरू नका. ओलीने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. उंदीर भात्याचं चामडं कुरतडतात. जुलै २०२१ च्या पुरात महाडला घराघरांत पाणी शिरलं, हे आपण पाहिलंय. म्हणून पेटी जमिनीवर नको, चुलीच्या धुरातही नको. उंचावर, झाकून ठेवा आणि पावसाळ्यात दोन-चार दिवसांनी वाजवत राहा. भिजलीच तर उन्हात टाकू नका, भाताही मारू नका. सावलीत ठेवा आणि कारागिराला दाखवा.

खरेदीला चौघी जा. त्यात एक हिशेब ठेवणारी आणि एक गाणारी हवीच. दुकानातच तिला एक अभंग म्हणू द्या. तिचा गळा मोकळा लागला आणि पैशांत बसली, तर तीच आपली पेटी.