मधु दंडवते : रेल्वेमंत्री आणि संसदपटू

(पिंपळगाव राजा, जि. बुलढाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावात रेल्वे येत नाही त्या गावात रेल्वेमंत्र्यावर बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. पिंपळगाव राजाच्या माणसाला गाडी धरायची झाली तर आधी खामगाव किंवा नांदुरा गाठावे लागते. पण रेल्वे कोठे जाईल आणि कोठे जाणार नाही, याचा हिशेब ज्या सभागृहात मागता येतो तेथे मंत्री कसा वागतो, हे जाणून घेण्याची निकड रेल्वे असलेल्या गावापेक्षा नसलेल्या गावालाच अधिक आहे.

आपल्या तालुक्याला रेल्वे ठाऊक नाही असे मात्र नाही. जलंब ते खामगाव ही अवघ्या तेरा किलोमीटरांची शाखा १८७० साली सुरू झाली; खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी खामगावला आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाची चणचण भासली होती आणि वऱ्हाडचा कापूस त्यांना मुंबईच्या बंदरात हवा होता. गाडी कापसासाठी आली, माणसांसाठी नव्हे. म्हणूनच ती खामगावच्या बाजारापाशी थांबली. तेथून जालन्यापर्यंत मार्ग न्यावा ही मागणी ब्रिटिश अमदानीपासूनची. स्वराज्य येऊन पाऊणशे वर्षे उलटली तरी तो मार्ग बांधला गेलेला नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून मी आज प्रा. मधु दंडवते यांच्याविषयी बोलणार आहे. मार्च १९७७ ते जुलै १९७९ या सुमारे अठ्ठावीस महिन्यांत ते देशाचे रेल्वेमंत्री होते. १९२४ साली अहमदनगरला जन्म, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापन, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात सहभाग, आणि १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवड, एवढा परिचय पुरे. आणीबाणीत ते बंगलोरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याच्या. तुरुंगातून सुटलेला माणूस काही आठवड्यांत मंत्री झाला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा; पण खरी परीक्षा त्यानंतरची होती.

मे १९७४ च्या रेल्वे संपाची आठवण येथील वडीलधाऱ्यांना असेल. भुसावळ तर जवळच आहे. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली ८ मे रोजी सुरू झालेला तो संप वीस दिवस चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या वसाहतींतून बायकामुलांना बाहेर काढण्यात आले. दंडवते त्या वेळी विरोधी बाकावर बसून या कामगारांची बाजू लढवीत होते. तीन वर्षांनी तेच रेल्वेमंत्री झाले. विरोधी बाकावर केलेली भाषणे सत्ताधारी बाकावर बसताच विसरण्याची सोय आपल्या राजकारणाने करून ठेवलेली आहे. शिस्त, प्रशासनाचे मनोधैर्य, तिजोरीवरील भार अशी भारदस्त कारणे तयारच असतात. दंडवते यांनी ती सोय वापरली नाही. संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी कामावर परत घेतले. ज्या घरांत तीन वर्षे चूल कशीबशी पेटत होती, त्या घरांच्या दृष्टीने संसदेतल्या शब्दाला काय किंमत असते, याचे हे उत्तर होते.

मात्र सगळे हिशेब चुकते झाले असे मी म्हणणार नाही. बोनस ही संपातील एक मुख्य मागणी होती, आणि उत्पादकतेशी निगडित बोनसची योजना रेल्वेत १९७९-८० या वर्षापासून आली, म्हणजे जनता सरकार पडण्याच्या सुमारास. संपाचा नेता आणि संपाचा कैवारी असे दोघेही एकाच मंत्रिमंडळात असताना ही गोष्ट आधी का होऊ शकली नाही, हा प्रश्न आपण समाजवाद्यांनी इतरांच्या आधी स्वतःला विचारला पाहिजे.

आता दुसऱ्या वर्गाच्या बाकाकडे वळतो. १९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला. रद्द केला म्हणजे पाटी पुसली. लाकडी फळी तीच राहिली आणि तिला दुसरा वर्ग हे नाव मिळाले. दोन-दोन रात्री त्या फळीवर हाडे टेकून काढणारा प्रवासी नावाने वर चढला, अंगाने तेथेच राहिला. दंडवते यांनी त्या फळीवर सुमारे दोन इंच जाडीची गादी बसविण्याचा निर्णय घेतला. ही गोष्ट किरकोळ वाटेल. आज ज्यांचा जन्म त्या गादीवरच झाला, त्यांना तर फळीची कल्पनाही येणार नाही. पण देशातील बहुसंख्य प्रवासी ज्या डब्यातून जातात त्यात सुधारणा करणे आणि मूठभरांच्या डब्यात आणखी आरास करणे, यांतून निवड करावी लागते. त्या निवडीलाच आपण धोरण म्हणतो. पहिल्या वर्गाची माणसे खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाचा दर्जा वर नेणे, अशी त्यांची भूमिका होती.

याच विचाराने डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तिला पहिला वर्ग नव्हता. आपल्या जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव या टापूतूनच ती धावते. आज तिला वातानुकूलित डबे जोडलेले आहेत, आणि २०१९ पासून आलेल्या वंदे भारत गाड्यांत तर वातानुकूलित डब्याखेरीज डबाच नाही. वेग हवा, स्वच्छता हवी, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत बंद होते आणि साथ ओसरल्यावरही ती परत येत नाही, तेव्हा फळी आणि गादी यांचा वाद अजून मिटलेला नाही असेच म्हणावे लागते.

कोकण रेल्वेचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. बॅ. नाथ पै यांनी ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले, तो दंडवते यांच्याकडे आला. रेल्वेची मागणी त्या वारशातच होती. मंत्री झाल्यावर सारी रेल्वे आपल्या मतदारसंघाकडे वळवावी, असा मोह होणे स्वाभाविक. विरोधकही त्याच आरोपाची वाट पाहत बसलेले असतात. शिवाय नव्या मार्गातून गुंतवणुकीवर किती परतावा मिळेल, हा नियोजनकारांचा पहिला प्रश्न. मागास भागाला या कसोटीवर उत्तीर्ण होता येत नाही. रेल्वे नाही म्हणून उद्योग नाहीत आणि उद्योग नाहीत म्हणून रेल्वे नाही. दंडवते यांच्या काळात आपटा-रोहा हा टप्पा मंजूर झाला. रोह्याला गाडी पोचली १९८६ साली. पुढे १९९० मध्ये फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भांडवल दिले, उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. तोवर दंडवते लोकसभेत नव्हते. १९९१ साली त्याच राजापूरने त्यांना पराभूत केले होते.

त्या मार्गाची किंमत प्रवाशाने मोजली, हेही सांगितले पाहिजे. कर्जाने बांधलेल्या रेल्वेवर प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरून भाडे आकारले गेले. आणि तेव्हा अपवाद म्हणून स्वीकारलेली राज्याच्या वाट्याची पद्धत आता नियम होऊ पाहते. अहमदनगर-बीड-परळी मार्गाचा निम्मा खर्च महाराष्ट्राच्या माथी आला तो याच वाटेने.

मग खामगाव-जालना का मागे पडले? दंडवते यांच्या काळात खामगाव ब्रॉडगेजवर आणि जालना निजामाच्या जुन्या मीटरगेजवर होते. दोन्ही टोकांच्या रुळांचे मापच जुळत नव्हते. मनमाड-जालना मार्ग रुंद झाला तो नव्वदच्या दशकात. म्हणजे ती अडचण जाऊन आता तीन दशके होत आली. तेव्हापासून जी राहिली ती इच्छेची अडचण. कोकणाला नाथ पै आणि दंडवते यांच्यासारखी, प्रत्येक अधिवेशनात तोच प्रश्न न कंटाळता विचारणारी माणसे मिळाली.

येथे संसदेच्या कामकाजाकडे यावे लागते. १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक स्वतंत्र होते. वर्षातून एकदा रेल्वेमंत्री सभागृहासमोर एकटा उभा राही, आणि त्यानंतरच्या चर्चेत सदस्य आपापल्या मतदारसंघातील स्थानके, फाटके, पूल यांची नावे घेऊन बोलत. शहरी वृत्तपत्रे या भाषणांची टिंगल करीत. मला ती भाषणे कधीच हास्यास्पद वाटली नाहीत. दिल्लीच्या सभागृहात जलंबचे नाव उच्चारले जाण्याचा तो बहुधा एकच दिवस असे. २०१७ साली हे अंदाजपत्रक सर्वसाधारण अंदाजपत्रकात विलीन झाले. पैशाची सोय नसलेल्या नव्या गाड्यांच्या घोषणांची जत्रा त्यामुळे थांबली, हा विलीनीकरणवाद्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. पण जत्रेबरोबर हिशेबही उठला. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी गदारोळात सर्व मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेने चर्चेविना मंजूर केल्या. रेल्वेची मागणीही त्यांतच होती. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. दंडवते यांच्यासारख्या मंत्र्याची ताकद उलटतपासणीला सामोरे जाण्यात होती. १९७८ साली अपघातांच्या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश सिक्री यांची समिती नेमली गेली, तीही अपघाताचा जाब सभागृहात द्यावा लागतो म्हणूनच.

तेव्हा आपल्या हाती काय आहे? लोकसभेच्या कामकाजातली एक तरतूद सांगून थांबतो. सदस्याच्या प्रश्नाला मंत्र्याने 'बाब विचाराधीन आहे' असे उत्तर दिले की ते आश्वासन म्हणून नोंदले जाऊ शकते. सरकारी आश्वासनांवर देखरेख ठेवणारी लोकसभेची स्वतंत्र समिती आहे, आणि आश्वासनाची पूर्तता तीन महिन्यांत करावी अशी अपेक्षा असते. मुदत वाढवून हवी असेल तर मंत्रालयाला त्या समितीकडे जावे लागते. आपल्या खासदारांना भेटा. खामगाव-जालना मार्गावर आजवर मिळालेली उत्तरे मागून घ्या, त्यांतली किती आश्वासने म्हणून नोंदली गेली ते विचारा, आणि जी नोंदली गेली नाहीत ती का नाहीत, हेही विचारा.