मापात पाप : यंत्राची बुद्धी मोजायची कुणी?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



काल रात्री जेवणं झाल्यावर एक अंगणवाडी सेविका माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, ''ताई, घरी न्यायचा आहार द्यायचा तर आता आधी मोबाइलनं बाईचा चेहरा ओळखावा लागतो. ती सून म्हणून गावात आली तेव्हापासून मी तिला ओळखते. पण माझं ओळखणं धरत नाहीत, मोबाइलचं धरतात. म्हणजे तो माझ्यापेक्षा हुशार, असंच ना?''

१ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारनं ही चेहरा-ओळख सक्तीची केली. 'यंत्र आणि बुद्धी' या विषयावर मी बरीच टिपणं काढून आणली होती. ती बाजूला ठेवते आणि या प्रश्नापासूनच सुरुवात करते. निर्जीव वस्तूची बुद्धी मोजता येते का? आणि मोजायचं माप कुणाच्या हातात असतं?

आधी जित्या माणसांचं बघू. तांदूळ मोजायला काटा असतो. किलो म्हणजे किती, यावर दुकानदाराचं आणि आपलं दुमत नसतं. बुद्धीचं तसं नाही. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी मुलांसाठी पहिली बुद्धिमापन चाचणी केली. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखावीत आणि त्यांना जादा मदत मिळावी, एवढाच हेतू होता. ती चाचणी अमेरिकेत गेली आणि मदतीच्या साधनाचा शिक्का झाला.

व्हर्जिनियात कॅरी बक नावाची एक गरीब मुलगी होती. बलात्कारातून तिला दिवस गेले. ज्या कुटुंबात ती वाढत होती, त्यांनी तिला 'मतिमंद' ठरवून संस्थेत टाकलं. तिथं चाचणी झाली. मानसिक वय नऊ वर्षं निघालं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तिची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. नऊपैकी आठ न्यायाधीश त्या बाजूनं होते. तिच्या तान्ह्या मुलीवरही मतिमंदपणाचा शिक्का बसला होता. तीच मुलगी पुढं शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. पण तोवर आईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं.

दुसरं उदाहरण. १९३७ साली स्टॅनफर्ड-बिने चाचणीची नवी आवृत्ती निघाली. ज्या प्रश्नांत मुलगे आणि मुली यांच्यात फार फरक पडत होता, असे प्रश्न ती तयार करणाऱ्यांनी गाळले. म्हणून दोघांची सरासरी जवळपास सारखी आली. आपल्याला बरंच वाटेल. पण यातलं मर्म ध्यानात घ्या. प्रश्न निवडून समानता आणता येते, तशी विषमताही आणता येते. 'बाईची अक्कल चुलीपुरती' म्हणणाऱ्यांनी चूल कधी परीक्षेला घेतलीच नाही.

आता निर्जीवांकडे येऊ. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं एक लेख लिहिला. यंत्र विचार करू शकतं का, हा प्रश्न त्याला फार ढोबळ वाटला. त्याऐवजी त्यानं एक खेळ सुचवला. तो खेळ 'ट्युरिंग चाचणी' म्हणून जगभर गाजला. पण त्याची सुरुवात एका बाईपासून होते, हे फारसं सांगितलं जात नाही. एका खोलीत एक पुरुष आणि एक बाई. दुसऱ्या खोलीतला परीक्षक टंकलिखित प्रश्न विचारणार आणि यातली बाई कोण ते ओळखणार. पुरुषानं बाई असल्याची बतावणी करून त्याला फसवायचं. बाईनं त्याला मदत करायची. आता त्या पुरुषाच्या जागी यंत्र बसवलं तर काय होईल, असा ट्युरिंगचा प्रश्न होता.

त्या बाईनं काय करावं? ट्युरिंगच्या मते खरी उत्तरं द्यावीत. 'मीच बाई आहे, त्याचं ऐकू नका' असं ती म्हणू शकते. पण त्याचा उपयोग नाही, कारण पुरुषही तेच म्हणू शकतो, असंही तो लिहितो. हे वाचताना मला पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या आपल्या कितीतरी जणी आठवल्या. खरं बोलणारीवरच सिद्ध करण्याची पाळी! पुढं खेळ 'माणूस की यंत्र' एवढाच उरला आणि ती बाई त्यातून गळून गेली. ट्युरिंगवर राग नाही माझा. पुरुषावर प्रेम केलं म्हणून १९५२ मध्ये त्याच्यावर खटला चालला, तुरुंग टाळण्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं घ्यावी लागली. 'योग्य पुरुष' मोजण्याच्या मापानं त्यालाही सोडलं नाही.

१९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउमनं 'एलायझा' नावाचा संगणक-कार्यक्रम जाहीर केला. नाव 'पिग्मॅलियन' नाटकाच्या नायिकेचं. आपल्या 'ती फुलराणी'चं मूळ तेच. आपण लिहिलेलंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले, आणि वायझेनबाउमच धास्तावला. म्हणजे चाचणीत यंत्राच्या बुद्धीपेक्षा आपली ऐकून घेणाऱ्याची भूकच जास्त मोजली गेली.

आता मोबाइलकडे. तो चेहऱ्याचे आकडे करतो आणि आधीच्या फोटोच्या आकड्यांशी ताडून बघतो. किती जुळलं म्हणजे 'तीच बाई', ही रेषा माणसानं आखलेली असते. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींनी तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. सगळ्यांची एकच सरासरी काढली की या बायका तिच्यात दिसेनाशा होतात.

शिवाय यंत्राला शिकवलं कुणी? इमेजनेट या प्रसिद्ध संग्रहातल्या १ कोटी ४० लाखांवर चित्रांची छाननी माणसांनी केली, इंटरनेटवर, नगावर पैसे घेऊन. विडी वळणारीला हजारी मजुरी मिळते, तसंच हे. श्रम त्यांचे, हुशार म्हणून नाव यंत्राचं.

तेव्हा सेविकाताई, माझं उत्तर असं. यंत्र एखादं ठरावीक काम किती बिनचूक करतं, ते मोजता येतं, मोजायलाच हवं. पण त्या आकड्याला 'बुद्धी' म्हणणं ही माणसांची निवड आहे, आणि तिच्यामागे सत्ता असते. आहार घ्यायला कोण आली, तिचं बाळ आजारी आहे का, ती आज का आली नाही, हे तुम्ही जाणता. हे कुठल्याच मापात धरलेलं नाही.

म्हणून यापुढं कुणी 'यंत्र सांगतंय' म्हणालं, की गटानं तीन प्रश्न लेखी विचारायचे. माप कुणी ठरवलं? आमच्यासारख्या बायकांवर ते तपासलं का, आणि किती चुका निघाल्या? यंत्र चुकलं तर आहार अडवायचा नाही, सेविकेची सही चालेल, असा लेखी आदेश कुठं आहे?

पहिला अर्ज आज दुपारच्या गटचर्चेतच लिहू या.