न सुकणारी रीड

(ज्युबिली-सप्ताहांत बँडपथकाच्या मेळाव्यापुढें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं धर्मगुरूनें देवळाच्या इतिहासावर बोलावें, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु तो विषय कालच्या वक्त्यांनीं आमच्याहून पुष्कळ चांगला मांडला, आणि पथकांतील मुलांनीं तर आग्रहच धरला कीं, "फादर, तुम्ही त्या प्लास्टिकच्या रीडबद्दल बोला." तेव्हां पावणेतीन इंच लांबीच्या एका पट्टीविषयीं आम्ही आपला थोडा वेळ घेणार आहों.

आम्ही तेरा वर्षांचे असतांना वसईकडील आमच्या गांवच्या बँडमास्तरांनीं आमच्या गळ्यांत आल्टो सॅक्सोफोन अडकविला. लग्नांत, सणांच्या मिरवणुकींत आणि मयतीच्या वेळीं तो आम्हीं सहा वर्षें वाजविला. सेमिनरींत जातांना पेटी घरच्या माळ्यावर गेली, ती तेहतीस वर्षें खालीं आली नाहीं. पुढें एके दिवशीं निरोप आला कीं, मास्तर वारले, पथकांत आल्टोची एक जागा रिकामी आहे, आणि मास्तरांच्या शिष्यानें निदान शेवटचें गीत तरी वाजवावें. दफनविधि तेथील धर्मगुरु चालविणार होते. आम्हांला फक्त बँडांत उभें राहावयाचें होतें. होकार देतांना आम्हीं फारसा विचार केला नाहीं, हें कबूल करितों.

पुढें काय झालें तें समजण्यासाठीं रीड म्हणजे काय हें सांगितलें पाहिजे. अडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानें हें वाद्य निर्माण करून १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. अंग सगळें पितळेचें. तरीही जाणते लोक त्यास क्लॅरिनेटच्या कुळांत बसवितात, कारण त्याचा आवाज ओठांच्या थरकांपानें नव्हे, तर माउथपीसवर बांधलेल्या एका पट्टीच्या कंपनानें निघतो. सनईवाले जिला पत्ती म्हणतात, तिचीच ही बहीण. मात्र सनईची पत्ती दुहेरी, ही एकेरी. बोरूच्या जातीच्या अरुंडो डोनॅक्स नांवाच्या उंच, पोकळ गवतापासून ही पट्टी तासतात, आणि त्या गवतासाठीं फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हार प्रांताची मोठी ख्याति आहे. ही नळाची रीड आधीं तोंडांत धरून भिजवावी लागते. सुकली तर तिचें टोंक वळवळीत होतें व सूर फाटतो. रोज भिजून-सुकून कांहीं आठवड्यांत ती मरगळते. एकाच पेटींतील दहांपैकीं तीन चांगल्या निघाल्या तर वादक स्वतःस भाग्यवान समजतो.

आतां बँडाची जागा कोठें? देवळाबाहेर. पोप दहावे पायस यांनीं १९०३ सालच्या आज्ञापत्रानें देवळांत बँड वाजविण्यास सक्त मनाई केली होती. मिरवणुकींत तेवढी, बिशपांच्या संमतीनें, मोकळीक होती. १९६३ सालीं व्हॅटिकन परिषदेनें वाद्यांविषयींचा नियम पुष्कळ सैल केला, तरी आमच्याकडे बँड अजून अंगणांतच उभा राहतो. त्या दिवशींही तसेंच झालें. आंत मिस्सा चालू, बाहेर मार्च महिन्याचें ऊन आणि वारा, आणि आमच्या माउथपीसवर तासाभरापूर्वीं भिजविलेली रीड. शवपेटी बाहेर आली, ढोलानें ठोका दिला, आणि आमच्या पहिल्याच सुराची किंचाळी झाली. दुसराही तसाच. मग आम्हीं वाद्य ओठांस नुसतें लावून बोटें हलविलीं, कारण थांबण्याचेंही धैर्य झालें नाहीं. मास्तरांच्या पत्नी चार हातांवर होत्या. मास्तर असते तर ते बोलले नसते. त्यांनीं नुसतें पाहिलें असतें.

त्यानंतर आम्हीं कृत्रिम रीड मागविली. कल्पना जुनी आहे. गेल्या शतकाच्या मध्यासही प्लास्टिकच्या रीड मिळत, पण त्यांच्या आवाजास लोक नांवें ठेवीत. १९९८ सालीं कॅनडांत लेजेर नांवाची कंपनी निघाली. तिनें पॉलिप्रॉपिलीन या द्रव्याचे धागे एका दिशेला वळवून, नळाच्या उभ्या रेषांसारखा ताठपणा पट्टींत आणण्याचा उद्योग केला. आमच्याकडे आहे ती हीच. बर्फाच्या चकतीसारखी अर्धपारदर्शक. ती भिजवावी लागत नाहीं. तासभर उन्हांत उभी राहिली तरी पहिला सूर तोंडांतून जसा निघावा तसा निघतो.

पण पहिली चूक आमचीच. तरुणपणीं आम्ही तीन नंबरी रीड वाजवीत होतों, म्हणून तीनच मागविली! ती एक अक्षर बोलेना. तेहतीस वर्षांत ओठांचे स्नायु विरघळून गेले होते. दहा मिनिटांत तोंडाच्या कोपऱ्यांतून वारा सुटूं लागे, मग आम्ही जबड्यानें चावून धरीत असूं, आणि चावलें कीं सूर चढे. या रीडचे नंबर पावापावानें चढतात. आम्ही गुपचूप सव्वादोनवर उतरलों. पुन्हां वाद्य हातीं घेणाऱ्यांनीं मागचा नंबर विसरावा. तो दुसऱ्याच माणसाचा होता.

यानंतर झालेली गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. मधले सूर सुधारले, परंतु खालचे डी, सी आणि बी फ्लॅट कांहीं केल्या उमटेनात. नळाची रीड असती तर आम्ही ती बदलली असती, मग दुसरी, मग चौथी. आणि दोष हवेला, ओलीला, फ्रान्सच्या शेतकऱ्याला दिला असता. पण ही रीड कालसारखीच आज होती. तिच्यावर ढकलण्यास जागा राहिली नाहीं. शेवटीं एका रात्रीं खोलींत अंधार करून लहान दिव्यांची माळ वाद्याच्या पोटांत सोडली, तों चामड्याच्या चार पॅडांखालून उजेड पाझरतांना दिसला. माळ्यावर पडून तीं पॅडें लाकडासारखीं झालीं होतीं. मुंबईच्या एका कारागिरानें तीं बदलून दिलीं, आणि त्याच सव्वादोन नंबरी रीडवर खालचा बी फ्लॅट घुमला. त्या रात्रीं आम्हीं तो इतक्या वेळां वाजविला कीं, स्वयंपाकी उठून बाहेर आला.

दफनाच्या दिवशीं रीड सुकलीच होती, हें खरें. पण पॅडें गळत होतीं व ओठ मेले होते, हेंही तितकेंच खरें. आणि वर्षभर आम्ही सर्वांना "रीड सुकली" एवढेंच सांगत होतों.

दोषही सांगतों, नाहीं तर मुलें आम्हांस दुकानदार म्हणतील. नळाच्या दहा रीडांची पेटी जेवढ्यास येते, जवळजवळ तेवढ्यास ही एक येते. सतत वाजवून ती किंचित् मऊ पडते, म्हणून दोन असाव्यात व आळीपाळीनें त्यांस विश्रांति द्यावी. टोंक कागदासारखें पातळ. टोपी घालतांना धसमुसळेपणा केला तर चिरतें. आणि आवाज? मिरवणुकींत फरक कोणास कळणार नाहीं. बंद खोलींत, हळू वाजवितांना, नळाच्या सुरांत जो दाणा असतो तो हिच्यांत थोडा कमी, असें आमच्या कानास वाटतें. मात्र ही साबण लावून कोमट पाण्यानें धुतां येते. आणि ज्यांनीं २०२० सालीं आपलीं वाद्यें कपाटांत बंद केलीं, त्यांना याचें मोल सांगावयास नको. एकमेकांची रीड तोंडांत घालण्याची खोड मात्र, रीड कसलीही असो, पथकांतील मुलांनीं आजपासून सोडावी.

गेल्या महिन्यांत मास्तरांच्या पत्नींनीं आम्हांस एक पत्र्याची डबी पाठविली. आंत त्यांच्या सात रीड, प्रत्येकीवर पेन्सिलीनें तारीख. एक भिजवून आम्हीं वाजविली. वीस मिनिटें तो जुना, दाणेदार आवाज आला आणि मग ती थकली. बाकीच्या सहांस आम्हीं हात लावला नाहीं.

उद्यां संध्याकाळीं पांच वाजतां मिरवणूक क्रुसापासून निघेल. आल्टोच्या रांगेंत तिसरे आम्ही असूं, आणि माउथपीसवर ती पांढुरकी रीड असेल. किंचाळी झालीच, तर दोष कोणाचा हें आतां आपणां सर्वांस ठाऊक आहे.